कोरड्यात ठीक, ओल्यात घसरते: बाइकच्या टायरचा दोष शोधताना आणि नवा टायर निवडताना

लक्षणं आधी

“पावसात गाडी घसरते” एवढ्यावरून काहीच कळत नाही. कोणतं चाक घसरतं, काय करताना घसरतं, आणि त्या वेळी गाडी सरळ असते की झुकलेली, हे सांगता आलं तर निम्मं निदान तिथेच होतं. बहुतेक तक्रारी खालीलपैकी एखाद्या प्रकारात बसतात.

- पुढचा ब्रेक हलकाच दाबला तरी हँडल क्षणभर पोकळ वाटतं आणि गाडी पुढे सरकत राहते.
- थांबलेल्या जागेवरून निघताना थ्रॉटल देताच मागचं चाक जागच्या जागी फिरतं.
- मागचा ब्रेक लावला की शेपटी एका बाजूला जाते. कोरड्यात तेवढाच ब्रेक लावला तर काही होत नाही.
- वळणात गाडी आधी झुकायला नकार देते आणि मग एकदम आत पडते.
- वेग कमी होताना, विशेषतः हात सैल धरले असतील तर, हँडल डावी-उजवीकडे लटपटतं.
- फक्त रंगीत पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर किंवा पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच घसरते.

शेवटच्या प्रकारात टायरला दोष देण्याची घाई नको. बरेच दिवस कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर तेल, धूळ आणि रबराचा चुरा साठतो. पहिल्या सरींनी त्याचा चिकट राडा होतो आणि पाऊस चांगला लागून राहिला की तो वाहून जातो. गुळगुळीत रंग आणि ओलं लोखंड यांवर तर कोणताच टायर नीट धरत नाही. गाडी फक्त तिथेच घसरत असेल तर पैसे वाचवा. तिथून जाताना गाडी सरळ ठेवा, ब्रेक आणि थ्रॉटल दोन्ही सोडा.

ओल्यात नेमकं काय बिघडतं

पुढच्या तपासण्यांचा क्रम समजायला हे माहीत हवं. रबर रस्त्याला दोन प्रकारे धरतं. एक म्हणजे ते पृष्ठभागाला अक्षरशः चिकटतं. दुसरं म्हणजे ते खडीच्या बारीक टोकांभोवती दबून, त्यांचा आकार घेऊन अडकतं. मध्ये पाण्याचा पातळ थर आला की चिकटणं जवळजवळ संपतं आणि सगळी मदार दबून अडकण्यावर येते. म्हणून कडक झालेलं रबर कोरड्यात तक्रार करू देत नाही आणि ओल्यात उघडं पडतं. नक्षीतल्या खाचांचं काम एवढंच, की पाणी बाजूला सारून रबराला रस्त्यापर्यंत पोहोचू द्यायचं. नक्षी स्वतः काही धरत नाही. “दाट नक्षी म्हणजे पावसाचा टायर” हा समज इथूनच चुकतो.

१. हवा

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि सर्वांत जास्त वेळा दोषही इथेच सापडतो. हवा थंड टायरमध्येच मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. चालवून आल्यावर दाब सहज दहा टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसतो. तो “जास्त झाला” म्हणून सोडून दिला तर सकाळी तोच टायर कमी हवेचा निघतो. बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं तर दाब साधारण एक ते दीड पीएसआयने पडतो. म्हणजे उन्हाच्या दिवसात बरोबर भरलेली हवा गार, पावसाळी दिवसांत आपोआप कमी झालेली असते.

आकडा कुठून घ्यायचा? चेनकव्हरवर, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा मालकाच्या पुस्तिकेत तो दिलेला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकाचा वेगळा, आणि मागे माणूस बसणार असेल तर आणखी वेगळा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर जो मोठा आकडा असतो तो घेऊ नका. तो टायरच्या कमाल वजनासाठी असतो, तुमच्या गाडीसाठी नाही. हा गोंधळ इतका सर्रास होतो, की आधी हाच प्रश्न विचारावा.

पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारे बरेच आहेत. परिणाम उलटा होतो. कमी हवेत टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि पाणी ढकलून काढायला लागणारा दाबच राहत नाही. शिवाय बाजूची भिंत डुलायला लागते, त्यामुळे वळणात गाडी उशिरा आणि संदिग्ध उत्तर देते. हवा जास्त झाली तर मधला चिंचोळा पट्टा तेवढा टेकतो, छोट्या खड्ड्यांवर चाक उडतं आणि रबर पुरेसं दबत नाही. स्वतःचं साधं मीटर ठेवा. वेगवेगळ्या ठिकाणची मीटरं वेगवेगळे आकडे दाखवतात, आणि दर वेळी एकाच मीटरने मोजलं तरच फरक खरा कळतो.

महिन्याला एक-दोन पीएसआय कमी होणं स्वाभाविक आहे. आठवड्याला तेवढं कमी होत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी आधी वॉल्व्हच्या तोंडावर, मग वॉल्व्हच्या बुडाशी, मग रिमच्या कडेने लावा आणि बुडबुडे बघा. वॉल्व्हची रबरी दांडी हलकेच वाकवून बुडाशी भेगा दिसतात का तेही पाहा. ती भेग वाढली की हवा हळूहळू जात नाही, एकदम जाते.

२. टायरवर काय लागलंय

दोन बोटं टायरच्या मधोमध, दोन्ही कडांवर फिरवा आणि बोटांकडे बघा. काळी कोरडी धूळ असेल तर ठीक. बोटं चमकत असतील तर तेल आहे.

मागच्या चाकावरचं तेल बहुतेक वेळा चेनचं असतं. चेनला सढळ हाताने तेल घालून लगेच गाडी काढली की ते फिरत्या चेनवरून उडून टायरच्या चेनकडच्या कडेला बसतं. त्यामुळे एकाच बाजूच्या वळणात मागचं चाक सुटत, म्हणजे पकड सोडून घसरत असेल तर पहिला संशय यावर घ्या. तेल थोडं, चेनच्या आतल्या बाजूने घाला, चाक हाताने फिरवा, उरलेलं पुसा आणि जमलं तर रात्रभर राहू द्या.

दुसरा गुन्हेगार पॉलिश. टायर काळाभोर दिसावा म्हणून मारलेला सिलिकॉनचा फवारा भिंतीपुरताच राहत नाही, चालीच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावरही येतो. बाइकच्या टायरला कारचं चकाकीचं द्रव्य लावूच नका. कार झुकत नाही, बाइक झुकते.

पुढच्या बाजूला फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपची, चकचकीत दांडी बघा. दांडीवर तेलाची ओली कडी दिसत असेल तर सील गळतंय. कधी कधी सीलच्या ओठाखाली नुसता धुळीचा कण अडकलेला असतो आणि तो काढला की गळती थांबते. पण तेल खाली ब्रेकच्या डिस्कपर्यंत आलं असेल तर गाडी तिथेच थांबवा. तेल प्यायलेले ब्रेकपॅड धुऊन सुधारत नाहीत, बदलावेच लागतात. सील बदलण्यासाठी गाडी मेकॅनिककडे न्या.

टायर धुवायला भांडी घासायचा साबण, कोमट पाणी आणि ब्रश पुरतो. पेट्रोल, डिझेल किंवा थिनर लावू नका. ते रबरात मुरतात आणि त्याचा पोत बिघडवतात.

३. खाचांची खोली आणि टायरचा आकार

नव्या टायरच्या खाचा साधारण ४ ते ७ मिमी खोल असतात, मागच्या जास्त. खाचेच्या तळाशी अधूनमधून छोटा उंचवटा असतो आणि त्या रेषेत भिंतीवर टीडब्ल्यूआय (ट्रेड वेअर इंडिकेटर, म्हणजे झिजेची खूण) ही अक्षरं किंवा लहान त्रिकोण असतो. बाइकच्या टायरवर हा उंचवटा ०.८ मिमीचा असतो. बाजूचं रबर त्याच्या पातळीला आलं की टायर संपला. पण ओल्या रस्त्यासाठी तिथपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. २ मिमीच्या खाली गेल्यावर पाणी बाहेर काढण्याची ताकद झपाट्याने उतरते. ज्यांना पावसात रोज चालवायची आहे त्यांनी टायर २ मिमीला बदलावा, हे आमचं ठाम मत. मोजताना घेरावर तीन ठिकाणी, आणि दर ठिकाणी मधोमध व दोन्ही कडांना मोजा. एकाच जागी गेज लावून समाधान मानू नका.

खोलीइतकाच आकार महत्त्वाचा. लोखंडी पट्टी टायरवर आडवी ठेवा. गोल टायरवर पट्टी एका रेषेवर टेकते आणि बोटाने ढकलली की झोके खाते. सरळ रस्त्यांवर खूप पळालेल्या टायरवर ती अंगठ्याएवढ्या रुंद सपाट पट्ट्यावर बसून राहते. ही सपाटी जिथे संपते तिथे धार असते. गाडी झुकताना त्या धारेवरून जाते. झुकायला नकार आणि मग एकदम आत पडणं, हे लक्षण इथूनच येतं. ओल्यात त्या धारेच्या क्षणी टेकलेला भाग एकाएकी लहान होतो. अशा टायरच्या कडांना भरपूर खाचा शिल्लक असतात, म्हणून “अजून चालेल” असं वाटतं. चालणार नाही.

पुढच्या टायरवर तळहात आधी एका दिशेने आणि मग उलट्या दिशेने फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीचे दात लागत असतील तर नक्षीचे ठोकळे तिरके झिजले आहेत. कारण सहसा कमी हवा, दमलेला फोर्क किंवा बिघडलेलं बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसणं. हे कारण न शोधता नवा टायर घातला तर काही हजार किलोमीटरनंतर त्याचीही करवत होईल.

४. वय

भिंतीवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. पूर्ण ओळ कधी कधी एकाच बाजूला असते, तेव्हा दोन्ही बाजू बघा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. त्यावर पुढे काही बोलायची गरज नाही.

पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर नीट तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर खाचा कितीही शिल्लक असल्या तरी काढून टाकावा, हा सर्वसाधारण नियम. ओल्यात चालवणाऱ्याने दहाची वाट बघू नये. खाचेच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. ताज्या रबरात नख किंचित रुततं आणि ठसा हळूहळू भरून येतो. जुन्यावर नख नुसतं घसरतं. एकट्या टायरवर हे ओळखणं अवघड जातं, म्हणून पुढचा आणि मागचा एकापाठोपाठ दाबून बघा, फरक लगेच कळतो. खाचेच्या तळाशी केसासारख्या भेगा असतील तर लक्ष ठेवा. नखाचं टोक आत जाईल एवढ्या असतील तर टायर बदला.

इथे एक नेहमीची चूक होते. मागचा टायर लवकर झिजतो म्हणून तो दोनदा बदलला जातो आणि पुढचा तसाच राहतो. पुढचा टायर झिजून क्वचितच संपतो, तो म्हातारा होऊन संपतो, आणि खाचा दिसत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मागचं चाक सुटलं तर गाडी बहुधा सावरता येते. पुढचं सुटलं की सावरायला वेळच मिळत नाही. “पुढचा ब्रेक लावला की हँडल पोकळ” या तक्रारीत पुढच्या टायरचे चार आकडे आधी वाचा.

५. बसवणी आणि माप

भिंतीवरचा बाण चाक पुढे फिरतं त्या दिशेला असायला हवा. उलटा बसलेला टायर पाणी बाहेर ढकलण्याऐवजी मध्ये ओढू शकतो आणि आतले सांधेही चुकीच्या दिशेने ताणले जातात. काही टायर दोन्ही चाकांना चालतात. त्यांवर दोन बाण असतात, पुढच्यासाठी वेगळा आणि मागच्यासाठी वेगळा. बाणाशेजारची अक्षरं वाचून मगच ठरवा.

रिमला लागून टायरवर एक बारीक उठावदार रेष असते. चाक हाताने फिरवत ती दोन्ही बाजूंनी बघा. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. कुठे ती रिममध्ये बुडत असेल तर टायर तिथे पूर्ण बसलेला नाही. तो ठरावीक लयीत उडी मारेल. हे दुरुस्त करायला टायर पुन्हा सोडवावा लागतो आणि बसवताना जास्त दाबाने हवा भरावी लागते. हे घरी करू नका.

माप असं वाचायचं: १००/९०-१७ ५५पी. रुंदी १०० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची. मधली आडवी रेघ म्हणजे बायस बांधणी (आतले धागे तिरके, एकमेकांना छेदणारे), तिच्या जागी आर असेल तर रेडियल (धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे). ५५ म्हणजे २१८ किलोपर्यंत भार, पी म्हणजे ताशी १५० किमीपर्यंत वेग. भाराचा आणि वेगाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला बायस, हे गाडीच्या कंपनीने परवानगी दिली असेल तरच.

आणि रुंद टायरचा मोह. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत आवळल्या जातात आणि माथा टोकदार होतो. रुंदी वाढूनही जमिनीला टेकणारा भाग कमी होऊ शकतो, गाडी वळायला जड होते, कधी टायर चेनला किंवा मडगार्डला घासतो. दिसायला भारदस्त, एवढाच फायदा.

६. टायर निर्दोष निघाला तर

गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागून दाबायला सांगून पुढचं चाक उचला. हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध खटका लागला तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा, ठकठक आली तर कोनसेट सैल. मग चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा, तिथे हालचाल असेल तर बेअरिंग. चाक फिरवून सोडा, लगेच थांबत असेल तर ब्रेक अडकतोय. ओल्यात अडकता ब्रेक म्हणजे अर्धं लॉक झालेलं चाक.

चेन फार ताणलेली असली तरी मागचं चाक ओल्यात सुटतं, हे अनेकांना पटत नाही. ताठ चेन मागच्या सस्पेन्शनला खाली-वर होऊ देत नाही, खड्ड्यानंतर चाक हवेत राहतं आणि टेकताना घसरतं. चेन पुस्तिकेत दिली आहे तेवढी सैल ठेवा.

कोनसेट, चाकाचं बेअरिंग आणि फोर्क ही कामं अंदाजपंचे करायची नाहीत. तपासणी तुम्ही करा, दुरुस्ती मेकॅनिककडून.

नवा टायर कोणता

वरच्या तपासण्यांनंतर टायरच बदलायचा ठरला तर निवड तुमच्या सर्वांत वाईट फेरीवरून करा. वर्षातल्या सर्वांत आवडत्या फेरीवरून नको. ज्याला रोज ओल्या रस्त्याने कामावर जायचं आहे त्याला कडेपर्यंत झुकवण्याचा मऊ स्पोर्ट टायर उपयोगाचा नाही. तो गरम झाल्यावरच धरतो, आणि गार पावसात, गर्दीत, तो कधी पुरेसा गरम होतच नाही. त्याला खाचाही कमी असतात.

ओल्या-कोरड्या मिश्र वापरासाठी बघायची पहिली गोष्ट म्हणजे रबराच्या मिश्रणात सिलिकाचं प्रमाण चांगलं आहे का. सिलिकामुळे रबर कमी तापमानातही लवचीक राहतं. दुसरी गोष्ट दुहेरी रबर, मधोमध टिकाऊ आणि कडांना मऊ. लांब सरळ रस्ते जास्त असतील तर याने टायर लवकर सपाट होत नाही. मोठ्या बाइकसाठी स्पोर्ट-टूरिंग वर्गातला टायर हे बहुतेकांचं उत्तर. लहान बाइकला रोजच्या वापराचा टायर पुरतो, फक्त “जास्त किलोमीटर चालतो” हीच एक जाहिरात असलेला घेऊ नका. टिकाऊपणा बहुधा कडक रबरातून आलेला असतो आणि त्याची किंमत ओल्यात मोजावी लागते.

मोठ्या ठोकळ्यांचा कच्च्या रस्त्याचा टायर डांबरावर ओल्यात सर्वांत वाईट. टेकणारं रबर कमी, आणि ठोकळे स्वतःच डुलतात. वर्षातून दोनदा मातीवर जाणाऱ्याने तो घेऊ नये.

शक्य असेल तर दोन्ही टायर एकाच जोडीचे घ्या. दुकानातच चार आकडे वाचा, दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर दुसरा मागा. स्पोकच्या चाकावर ट्यूबलेस टायर बसवला तरी आत ट्यूब लागतेच, रिम खास सीलबंद नसेल तर. बसवताना भिंतीवरचा रंगीत ठिपका वॉल्व्हजवळ यायला हवा. ती टायरची हलकी बाजू असते, त्यामुळे कमी वजनात बॅलन्सिंग होतं.

पहिले १५० ते २०० किमी सांभाळून. नव्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, साच्यातून काढतानाचा थरही राहिलेला असू शकतो. झुकाव हळूहळू वाढवा, जोरात ब्रेक नको. सँडपेपर मारण्याची गरज नाही. नवा टायर पहिल्याच दिवशी पावसात घसरला म्हणून तो खराब असं ठरवू नका.

इथे थांबा, पुढे चालवू नका

भिंतीवर फुगवटा आला, भिंतीला चीर पडली किंवा आतले धागे दिसले तर गाडी टेम्पोत घालून न्या, चालवत नाही. भिंतीचं पंक्चर काढता येत नाही. चालीच्या भागातलं छिद्र ६ मिमीपेक्षा मोठं असेल तरीही नाही. बाहेरून मारलेला प्लग घरापर्यंत पोहोचण्यापुरता असतो, कायमची दुरुस्ती आतून पॅच लावून, टायर उतरवूनच होते. रिम वाकली असेल, स्पोक सैल असतील किंवा एबीएसचा दिवा लागून राहिला असेल तर टायरवाल्याकडे नव्हे, वर्कशॉपकडे जा.

आणि हवा बरोबर, टायर नवा, २०० किमी पूर्ण, बेअरिंग ठीक, तरीही गाडी एकाच बाजूला ओढत असेल किंवा सरळ रस्त्यावर लटपटत असेल, तर आणखी टायर बदलत बसू नका. दोन चाकं एका रेषेत आहेत का आणि चासी किंवा फोर्क वाकलाय का, हे मोजायला फ्रेमची साधनं असलेल्या वर्कशॉपमध्ये गाडी द्या. जुन्या पडझडीनंतर हे वरून दिसत नाही.